‘पाळणे’ आणि ‘कोंडणे’ : सोनपाखराच्या निमित्ताने

वऱ्हाडात, नेर परसोपंतसारख्या गावाच्या परिसरात, पावसाळा लागला की बाभळीवर धातूसारख्या झळाळीचा एक मोठा भुंगेरा दिसू लागतो. शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीस स्टर्नोसेरा म्हणतात. मराठीत तो सोनकिडा किंवा सोनपाखरू होय. मुले त्याला काडेपेटीत ठेवतात, वर बाभळीचा पाला घालतात, क्वचित पायाला दोरा बांधून उडवितात. या कृतीस ‘पाळणे’ म्हणावे काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम नावाचा विचार करू. ‘किडा’ हा शब्द पुल्लिंगी असून त्यास किळसेची छटा आहे. ‘पाखरू’ मात्र लेकरू, वासरू, कोकरू, शिंगरू या नपुंसकलिंगी उकारान्त शब्दांच्या पंक्तीत बसते. हे शब्द बहुधा लहान व जपण्याजोग्या जिवांचे वाचक आहेत. ज्या मुलाच्या तोंडी ‘सोनपाखरू’ येते, त्याने त्या जिवाशी नाते आधीच जोडलेले असते.

आता क्रियापदाकडे वळू. ‘पाळणे’ हे संस्कृत ‘पाल्’, म्हणजे रक्षण करणे, या धातूपासून आले. मराठीत वचन, पथ्य आणि वेळही पाळतात. या सर्व प्रयोगांत बंधन पाळणाऱ्यावर पडते. ‘कोंडणे’ व ‘बांधणे’ यांत ते केवळ कर्मावर पडते.

ही कसोटी प्रत्यक्षात उपयोगी पडते. दक्षिण भारतातील काडीकीटक, ज्याचे वर्णन १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले, युरोपातील शाळांच्या वर्गांत सुखाने नांदतो. ताजा पाला आणि थोडा ओलावा एवढीच त्याची गरज असते. मादी नराविना प्रजा वाढविते. जपानी मुले उन्हाळ्यात काबुतोमुशी हा शिंगाळा भुंगेरा ठेवतात. तेथे ‘पाळणे’ सार्थ होते.

सोनपाखराचे तसे नाही. त्याचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचे असते. मादी पेटीत अंडी घालते खरी. परंतु अळी जमिनीखाली झाडांच्या मुळांवर वाढते. ती सोय पेटीत होत नाही. मखमली मृगाच्या किड्याची अवस्था याहून बिकट. तो कीटकच नव्हे. आठ पायांचा, कोळ्यांच्या वर्गातील जीव आहे. प्रौढावस्थेत तो कीटकांची अंडी व बारीक जीव खातो. नावावर विसंबून त्याच्यापुढे हिरवे पान ठेवणारे मूल प्रेमानेच त्याला उपाशी ठेवते.

तात्पर्य, कमी कष्टाचा प्राणी म्हणजे कष्टाविना राहणारा प्राणी नव्हे. सोनपाखरू दोरा न बांधता, हवेशीर डबीत, बाभळीच्या पाल्यासह दिवसभर पाहावे आणि सायंकाळी त्याच झाडावर सोडावे. त्याला सोडून देणे हेच येथे पाळणे होय.