उडीद आणि मासा

आपल्या रोजच्या स्वयंपाकांतील कडधान्यांचीं नांवें घेऊन संस्कृताकडे मागें जाऊं लागलें, तर बहुतेकांचा माग सहज लागतो. मुद्गाचा मूग झाला, कुलत्थाचा कुळीथ झाला. मसूर तर होता तसाच राहिला. उडदाचें मात्र तसें नाहीं. त्याला संस्कृतांत माष म्हणतात, आणि माषापासून उडीद हा शब्द उच्चाराच्या कोणत्याहि नियमानें निघत नाहीं.

माष हा शब्द फार जुना आहे. बृहदारण्यकोपनिषदांत दहा ग्राम्य धान्यें सांगितलीं आहेत. त्यांत तीळ, मसूर यांच्याबरोबर माषहि आहे. पंजाबांत उडदाला अजून माँह म्हणतात, नेपाळांत मास म्हणतात. आपल्याकडे हा शब्द स्वयंपाकघरांतून गेला, तो पुरोहिताच्या माषभक्तबलींत आणि सोनाराच्या तराजूंत राहिला. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा, हें कोष्टक मागच्या पिढ्यांनीं पाठ केलें होतें. तो मासा म्हणजे हा माषच. पाण्यांतला मासा निराळा. तो मत्स्यापासून आला.

पण मासाभर सोनें म्हणजे उडदाच्या दाण्याइतकें सोनें, असें कोणीं समजूं नये. उडदाचा दाणा गुंजेहूनहि हलका भरतो. मनुस्मृतींत सोन्याचा माष पांच गुंजांचा, तर रुप्याचा दोनच गुंजांचा आहे. नांव दाण्याचें घेतलें, पण वजन ज्या त्या व्यवहाराप्रमाणें ठरत गेलें.

मग उडीद आला कोठून? प्राकृतांत उडिद असा शब्द आढळतो. कानडींत याच धान्याला उद्दु आणि तामिळांत उळुंदु म्हणतात. हें साम्य पाहून भाषापंडित उडदाचें मूळ द्राविड भाषांकडे नेतात.

म्हणून मराठीची वंशावळ मांडतांना केवळ संस्कृताकडे बोट दाखवून थांबणें बरोबर नाहीं. ज्याला आपण अस्सल घरगुती शब्द म्हणतों, ज्याचे पापड लाटतों आणि घुटें करतों, त्याचें नांव शेजारच्या दक्षिणेशीं नातें सांगतें; आणि त्याचेंच संस्कृत नांव सोन्याच्या वजनांत रुजलें. दोन्ही शब्द आपण शतकानुशतकें वापरीत आलों. त्यांतला एक शुद्ध व दुसरा उपरा ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.