पुरलेले आणि जाळलेले

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. त्या परिसरातील रानात मे २०१२ मध्ये एक जळालेले प्रेत सापडले. पोलिसांनी नमुने घेतले, प्रेत तिथेच पुरले. खुनाचा गुन्हा नोंदवला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये या प्रकरणाला बड्या घरची नावे जोडली गेली, तेव्हा मुंबईचे पोलीस आले आणि तीच जागा उकरून हाडे घेऊन गेले. माझा आजा रोह्याकडचा. बेवारस प्रेताची राखण आणि मर्तिकाचा सांगावा ही त्याची महारकीची कामे. त्याने राखलेली प्रेते कुणी पुन्हा उकरली नाहीत.

पुरलेले प्रेत मृत्यूचे कारण शोधण्यासाठी बाहेर काढण्याचा अधिकार कायद्याने दंडाधिकाऱ्याला दिला आहे. शक्य असेल तेथे नातेवाइकांना कळवावे, असेही कायदा सांगतो. पण मेलेला माणूस इतिहासातला असेल तर त्याचे नातेवाईक कोण? वंशज, अनुयायी, की सरकार?

हे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग बाबासाहेबांच्या मृत्यूची फेरतपासणी का नाही?" प्रश्न रास्त आहे. चिलीत कवी पाब्लो नेरुदा १९७३ च्या लष्करी उठावानंतर बारा दिवसांनी वारला. विषप्रयोगाचा आरोप झाल्यावर २०१३ मध्ये त्याचे थडगे उघडले. दहा वर्षांनीही तज्ज्ञांचे एकमत नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष झॅकरी टेलर १८५० मध्ये वारले. १९९१ मध्ये वंशजांच्या संमतीने त्यांचे अवशेष तपासले, तेव्हा विषबाधा होण्याइतका सोमल सापडला नाही. केसांत, नखांत सोमल टिकतो, म्हणून तेथे उत्तर मिळाले. चितेच्या आगीत केस, नखे काहीच उरत नाही. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर अग्निसंस्कार झाले. उकरण्याजोगे तेथे काही नाही.

पण शरीर नसले तरी संशयाला एक देह हवाच होता. तो माईसाहेबांचा मिळाला. त्या डॉक्टर होत्या, जन्माने ब्राह्मण होत्या. एवढ्यावर आपल्यातल्या कित्येकांनी निकाल दिला. सरकारी चौकशी झाली. मृत्यू नैसर्गिक असल्याचे गृहमंत्री पंतांनी १९५७ मध्ये संसदेत सांगितले. सरकारवर विश्वास ठेवू नका, हे मला मान्य आहे; मीही सहसा ठेवत नाही. मात्र बाबासाहेबांचा मधुमेह, त्यांची खचलेली प्रकृती ही तर आपल्याला ठाऊक होती! माईसाहेब कितीतरी वर्षे चळवळीबाहेर राहिल्या. पुढे दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना परत आणले. २००३ मध्ये त्या गेल्या.

म्हणून, थडगे उघडा म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो: उत्तर तुमच्या संशयाविरुद्ध आले तर ज्याच्यावर बोट ठेवले त्याच्या दारात जाल काय?

तास संपल्यावर त्या विद्यार्थ्याने माईसाहेबांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' मागितले. ग्रंथालयात नव्हते. माझी प्रत दिली आहे. अजून परत आलेली नाही.