पानफुटीची रात्रपाळी

वनस्पतिपेशीच्या आकृतीत मधोमध मोठी कोरी जागा सोडतात आणि बाजूला ‘रिक्तिका’ असं लिहून मोकळे होतात. पाणी, क्षार नि टाकाऊ द्रव्यं साठवणारी पिशवी, एवढीच तिची ओळख. ती खोटी नाही, पण फार तोकडी आहे. पूर्ण वाढलेल्या पेशीचा 90 टक्क्यांपर्यंत भाग जी व्यापते, तिला नुसतं कोठार म्हणून भागत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी 1813 साली कळवलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. याचं उत्तर रिक्तिकेत आहे. पाणी वाचवण्यासाठी पानफुटी आपली पर्णरंध्रं रात्री उघडते. तेव्हा आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून मॅलिक आम्ल तयार होतं. ते पेशीद्रवातच साचलं, तर तिथली विकरं निकामी होतील. म्हणून रिक्तिकेच्या पटलावरचे प्रथिनांचे पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलत राहतात आणि आम्लही त्यांच्या मागोमाग आत ओढलं जातं. पेशीद्रवाचा सामू 7 च्या आसपास असताना पहाटे रिक्तिकेतला सामू 4 च्याही खाली उतरतो, म्हणजे मधल्या पातळ पटलाच्या दोन बाजूंच्या आम्लतेत हजारपटीहून अधिक फरक पडतो. दिवसा रंध्रं मिटलेली असताना हेच आम्ल बाहेर येतं आणि त्यातल्या कार्बनची साखर होते.

हे एका झाडाचं वैचित्र्य झालं, प्राण्यांच्या पेशींचं एवढ्या रिक्तिकेवाचून कुठे अडतं, असं कोणी म्हणेल. पण प्राणी अन्नाकडे चालत जातो. झाडाला जागेवरूनच उन्हात पानं पसरावी लागतात. सगळी पेशी प्रथिनांनी भरायची तर नायट्रोजन पुरणार नाही. पाण्याने फुगलेली रिक्तिका पेशी स्वस्तात मोठी करते आणि पेशीभित्तीवर मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाब देऊन पान ताठ ठेवते. सुकलेली मेथी पाण्यात ठेवल्यावर टवटवीत होते ती यामुळेच.

राहिला टाकाऊ द्रव्यांचा मुद्दा. अळूच्या पानात घशाला खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक रिक्तिकेतच तयार होतात. त्यांना कचरा म्हणावं की नाही, हे कच्चं अळू चावलेल्या जनावरालाच विचारलेलं बरं.