मूल द्वाड नाही, त्याचे चित्त ठरत नाही

वाफ्याला पाणी लावायला पाठवले, तर पोरगा वाटेत चिंचा पाडत बसला आणि इकडे वाफा फुटला. शाळेत गेला तर दप्तर तिथेच विसरून आला. मिस्साच्या वेळी बाकावर पाच मिनिटे स्थिर बसत नाही. अशा मुलाला आपण द्वाड म्हणतो, आळशी म्हणतो, आणि शेवटी छडी हातात घेतो. परंतु यांपैकी काही मुलांच्या बाबतीत दोष मुलाच्या स्वभावाचाही नसतो व आईबापाच्या वळणाचाही नसतो. अवधानाची उणीव व अतिचंचलता, म्हणजे डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, असा हा विकार आहे. जगभरातील अभ्यासांचा मेळ घातला तर शंभर मुलांत सुमारे ५ मुलांना तो असतो.

ओळखावे कसे?

प्रत्येक चुळबुळे मूल या विकाराचे नसते, हे आधी ध्यानात ठेवावे. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसावीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाचे कारण बहुधा वेगळे असते. मुली पुष्कळदा धावपळ करीत नाहीत. त्या गप्प बसून हरवल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांचा विकार लवकर लक्षात येत नाही. कानाने कमी ऐकू येणे, दृष्टी अधू असणे, रक्त कमी असणे, झोप न होणे यांमुळेही मूल असेच वागू शकते. तेव्हा या गोष्टी प्रथम तपासून घ्याव्यात. रक्त तपासून किंवा फोटो काढून या विकाराचे निदान होत नाही. डॉक्टर पालकांना व शिक्षकांना विचारून, मुलाला पाहून ते ठरवितात.

हे नवे फॅड आहे काय?

मुळीच नाही. जर्मन वैद्य मेल्खिओर वायकार्ड यांनी १७७५ साली आणि स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली लक्ष न ठरणाऱ्या माणसांचे वर्णन लिहून ठेवले आहे. १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्याने दिली.

औषधाचा शोध तर योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांची एक तपासणी करीत असत. तिच्यानंतर मुलांचे डोके फार दुखे. त्यावर त्यांनी बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण मुलांचे अभ्यासात लक्ष लागू लागले! १९३७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३० मुलांपैकी १४ मुलांच्या शाळेच्या कामात ठळक सुधारणा नोंदली आहे. पुढे मेथिलफेनिडेट हे औषध आले. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले हे औषध आजही वापरतात. विकाराचे आजचे नाव मात्र १९८७ सालचे आहे.

कारणे

पहिले कारण आनुवंशिकता. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून विकारातील सुमारे तीन-चतुर्थांश फरक आनुवंशिक गुणांमुळे पडतो असे दिसते. म्हणून "बापही लहानपणी असाच होता" हे आजीचे बोलणे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लक्ष ठरविणारा व मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग या मुलांत उशिरा पक्व होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हा उशीर सरासरी तीन वर्षांचा आढळला. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मावेळी कमी वजन आणि शिशाची विषबाधा यांनीही धोका वाढतो. साखर खाल्ल्याने हा विकार होतो ही समजूत चुकीची आहे.

शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांचा अभ्यास झाला. गरोदरपणी ज्या मातांच्या शरीरात ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश जास्त आढळले, त्यांच्या मुलांत पाचव्या वर्षी लक्ष न लागण्याच्या तक्रारी अधिक दिसल्या, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यावरून औषध हेच कारण असे सिद्ध होत नाही. पण सावधगिरीला फार खर्चही येत नाही. गरोदर स्त्रीने फवारणीपासून लांब राहावे, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, औषध कुलूपबंद ठेवावे. चंचल मूल घरात असेल तर हे दुप्पट जपावे. विहिरीचा कठडा, कडबा कापण्याचे यंत्र, ट्रॅक्टर यांच्याजवळ अशा मुलाला एकटे सोडू नये.

उपचार

सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे आईवडिलांनी वागण्याची पद्धत शिकून घेणे. एका वेळी एकच काम सांगावे, तेही मुलाच्या जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून. "गोठा झाड, पाणी भर आणि अभ्यासाला बस" असे तीन हुकूम एकदम सोडू नयेत. काम लहान असावे आणि पुरे होताच शाबासकी द्यावी. संध्याकाळची शाबासकी सकाळच्या कामाला पोचत नाही. जेवण, अभ्यास, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. शाळेत मुलाला पुढच्या बाकावर बसवावे व अधूनमधून फळा पुसण्यासारखे काम देऊन उठू द्यावे. मारल्याने लक्ष वाढत नाही, फक्त भीती वाढते.

मोठ्या मुलांना गरजेप्रमाणे मेथिलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन देतात. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळी तपासावे लागतात. ही औषधे दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत, व शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नये. काहींची लक्षणे वयानुसार ओसरतात, तर काहींची मोठेपणीही राहतात.

कोठे जावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते, आणि तिच्या यादीत या विकाराचाही समावेश आहे. टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो. जाताना मुलाच्या शिक्षकांकडून दोन ओळी लिहून न्याव्यात. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.