गार्नेटची साक्ष

महात्मा फुले मंडईच्या १८८६ साली उभ्या राहिलेल्या इमारतीचा काळा दगड पुण्याच्या इतिहासाविषयी कितीही बोलका असला, तरी भूगर्भाच्या खोलीविषयी त्याला फारसे सांगता येत नाही. कारण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा तो भूपृष्ठावरच थिजलेला अंश असून, पृथ्वीच्या पोटात खोल गाडला जाऊन कायापालट होण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नाही. तो प्रसंग सोसलेले रूपांतरित खडक पाहावयाचे, तर नागपूर-भंडाऱ्याकडे व त्यापलीकडे २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसरच्या मराठीभाषक मुलखात गेले पाहिजे.

हिंदुस्थानातील मँगनीजवरचा आपला विस्तृत ग्रंथ १९०९ साली सिद्ध करणारे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लुईस ली फर्मर यांनी १९१३ साली असे सुचविले, की अशा खडकांनी सोसलेला दाब ओळखण्यासाठी गार्नेट हे खनिज भूशास्त्रीय दाबमापक मानता येईल. कारण दाब वाढला म्हणजे कमी जागेत मावणारी घन रचना टिकून राहते, आणि गार्नेट तशा रचनेचे आहे. तथापि गोंड जमातीच्या नावावरून फर्मर यांनीच ज्याचे नामकरण केले, त्या गोंडाइट खडकातील मँगनीजयुक्त गार्नेट अल्प दाबातही निर्माण होऊ शकते; तेव्हा गार्नेट नुसते हजर आहे, एवढ्या दाखल्यावर खोलीचा निवाडा करता येत नाही, त्याचे रसायन तपासावे लागते.

गार्नेट व कृष्णाभ्रक शेजारी असले, म्हणजे लोह व मॅग्नेशियम यांची त्यांच्यात भाऊबंदांप्रमाणे वाटणी होते: उष्णता कमी असता गार्नेट लोहाचा व अभ्रक मॅग्नेशियमचा मोठा हिस्सा घेते, आणि उष्णता वाढत जाईल तसतशी ही तफावत कमी होते. फेरी व स्पिअर यांनी १९७८ साली प्रयोगांनी या वाटणीचे प्रमाण निश्चित केले, आणि त्यावरून खडकाचे तापमान काढता येऊ लागले. दाबासाठी गार्नेटमधील कॅल्शियम पाहतात. प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार, ॲल्युमिनियमचे सिलिकेट व क्वार्ट्‌झ सोबतीला असता, दाब वाढेल तसे प्लॅजिओक्लेजमधील कॅल्शियम गार्नेटात जाते. हे सारे मोजमाप इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने, मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या अंशाएवढ्या ठिपक्यावर होते.

सौंसर पट्ट्याच्या उत्तरेकडील रामाकोना-कटंगी भागातील ग्रॅन्युलाइट या तीव्र उष्णतेत रूपांतरित झालेल्या खडकांनी अशा परीक्षेत सुमारे ९ ते १० किलोबार दाब व ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान दर्शविले आहे. एका किलोबारास साधारण साडेतीन किलोमीटर खोली धरली, तर हे खडक एके काळी ३० किलोमीटरांहून खाली होते, आणि वरचा तेवढा भार उत्थान व झीज यांनी दूर केला, असा निष्कर्ष ओघानेच येतो.

परंतु या अदमासात ५० अंशांची व एका किलोबारची चूक सहज संभवते. शिवाय खडक निवू लागल्यावरही कणांच्या कडांवर देवघेव चालू राहत असल्याने, कडेचा आकडा परमोच्च उष्णतेचा नसून वाटणी थांबल्या क्षणाचा असतो. म्हणून कणाचा गाभा वाचला की कड, आणि त्याच्या शेजारी कोणते खनिज होते, हा मजकूर सोबत नसलेल्या आकड्यावर जाणत्या भूवैज्ञानिकाने भरवसा ठेवू नये.