भूकंप, दुष्काळ आणि शेवटचे दिवस

लेखमाला : शास्त्र वाचताना – लेख सहावा

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातली जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे जवळजवळ भुईसपाट झाली, साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. या भागात बायबल वाचणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय त्यांच्या कानावरून अनेकदा गेलेला असतो. त्या अध्यायात येशू युगाच्या समाप्तीविषयी बोलतो, आणि लढाया, दुष्काळ व ठिकठिकाणचे भूकंप यांचा उल्लेख एकाच दमात करतो. लातूर जिल्ह्याने भूकंप पाहिला आणि दुष्काळही पाहिला; २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. २०२४ मध्ये हिंगोलीकडून आलेल्या धक्क्यांनी नांदेडची माणसे घराबाहेर धावली. अशा वेळी तो अध्याय उघडून ‘हेच का ते?’ असे विचारणाऱ्या माणसाला भोळा म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्याचा प्रश्न खरा आहे.

मागच्या लेखात आपण संदेष्ट्यांची ओळख करून घेतली. आपल्या काळातल्या राजाला आणि प्रजेला देवाचे म्हणणे निर्भीडपणे ऐकवणे हे त्यांचे मुख्य काम होते, हे पाहिले. आज त्याच्या पुढचा मुद्दा घेऊ. संदेष्ट्यांनी आणि येशूने पुढच्या काळाविषयी जे सांगितले, ते शब्दशः घ्यायचे, की त्यातला आशय शोधायचा? ख्रिस्ती मंडळीत हा वाद जवळजवळ तिच्या जन्मापासून चालू आहे.

आधी मत्तयाचा तो अध्याय नीट पाहू. शिष्य येशूला यरुशलेमातल्या मंदिराच्या भव्य इमारती दाखवतात. येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे तो सांगतो. पुढे जैतुनाच्या डोंगरावर शिष्य त्याला दोन गोष्टी एकत्र विचारतात : हे कधी घडेल, आणि तुमच्या येण्याची व युगाच्या समाप्तीची खूण कोणती? एका दमात विचारलेल्या या दोन प्रश्नांमुळे पुढच्या सगळ्या उत्तराचा अर्थ लावणे अवघड झाले आहे.

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीताने यरुशलेम जिंकले आणि मंदिर जाळून पाडले. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की या अध्यायातला मोठा भाग तेव्हाच पुरा झाला. ही पिढी संपण्याआधी हे घडेल, असे येशू तिथेच म्हणतो. हा त्यांचा सर्वांत भक्कम आधार. मग सूर्य काळवंडण्याचे आणि तारे गळण्याचे काय? त्यावर ते यशयाच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे बाबेलचा पाडाव सांगताना आकाश अंधारल्याची हीच भाषा आली आहे. साम्राज्य कोसळते तेव्हा संदेष्टे आकाश कोसळल्यासारखे बोलतात, ही त्यांची जुनी शैली.

शब्दशः वाचणारे याला हरकत घेतात. मंदिर पडले हे खरे, पण मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना सर्वांनी कुठे पाहिला? ते अजून व्हायचे आहे, आणि जसे सांगितले तसेच होणार. त्यांची अडचण ‘ही पिढी’ या शब्दांपाशी येते, पहिल्या पक्षाची मेघांपाशी. दोघांनाही कुठे तरी अक्षराला धरावे लागते आणि कुठे तरी अर्थ लावावा लागतो. पूर्णपणे शब्दशः वाचणारा किंवा पूर्णपणे रूपक मानणारा वाचक मला तरी आजवर आढळलेला नाही.

मंडळीच्या इतिहासातही हेच दिसते. दुसऱ्या शतकात पापियस आणि आयरेनियस यांना वाटे, की प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातले हजार वर्षांचे राज्य याच पृथ्वीवर, पिकांनी बहरलेल्या शेतांसह येणार. तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या ओरिजेनने अशा वर्णनांमागचा आध्यात्मिक आशय शोधला. पुढे अंत्युखियाच्या पंथातल्या भाष्यकारांनी बजावले, की आशय शोधताना मूळ इतिहासाचा धागा तोडू नका. संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) आधी स्वतः त्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहणाऱ्यांपैकी होता. ‘देवाचे नगर’ या ग्रंथात तो आपले बदललेले मत मांडतो : हजार हा आकडा पूर्णत्वाचा, आणि ते राज्य म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून दुसऱ्या आगमनापर्यंतचा मंडळीचा काळ. पश्चिमेकडच्या चर्चवर या मताची छाप पुढे शतकानुशतके राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले, की शास्त्र वाचताना लेखनप्रकार ओळखावा. इतिहास, काव्य आणि भविष्यवाणी एकाच मापाने मोजू नये. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात नांदेड आणि लातूर येतात, म्हणजे इथल्या कॅथलिक मंडळीची अधिकृत दिशा हीच आहे.

एकोणिसाव्या शतकात शब्दशः वाचनाने नवी उचल घेतली. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकातले २,३०० दिवस म्हणजे २,३०० वर्षे असे धरले. इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजून तो १८४३-४४ पर्यंत पोचला, आणि अखेर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. दिवस उजाडला, मावळला. हजारो माणसांची श्रद्धा आतून हलली. त्याच चळवळीच्या अवशेषांतून पुढे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात सॅलिस्बरी पार्क आणि औंधच्या स्पायसर महाविद्यालयामुळे (आता विद्यापीठ) ती महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रभूच्या येण्याची वाट ती आजही मनापासून पाहते, पण तारीख ठरवत नाही. १८४४ चा तो धडा तिने जपला आहे.

दुसरी धारा ब्रिटनमधल्या ब्रदरन मंडळ्यांची. जॉन नेल्सन डार्बीने जगाचा इतिहास वेगवेगळ्या कालखंडांत मांडला : इस्राएलाला दिलेली वचने इस्राएलाकडेच, शब्दशः पुरी होणार, आणि मंडळीचा मार्ग निराळा. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलने ही मांडणी जगभर नेली. ब्रदरनांच्या आरंभीच्या मंडळींतला अँथनी नॉरिस ग्रोव्हज १८३३ मध्ये भारतात आला. तो मायदेशी जाऊन १८३६ मध्ये परतला, तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या सहकाऱ्यांनी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात काम उभारले. नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी ज्या नरसापूर भागात समुद्राला मिळते, तिथे या मंडळ्या आजही आहेत.

डार्बीच्या मांडणीवर विसंबणाऱ्यांना १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा मोठी खूण पटल्यासारखे झाले. त्या राष्ट्रात जाणाऱ्यांत कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएलही होते. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी, शनिवार पाळणारी ही माणसे आपल्या श्रद्धेने आणि आपल्या कारणांनी गेली. तिथे त्यांच्या यहूदीपणावरच शंका घेतली गेली, विवाहांत अडथळे आले, त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांच्या समान दर्जावर शिक्कामोर्तब केले. मराठी त्यांनी तिथेही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढले. त्यांच्या जाण्याकडे फक्त भविष्यवाणीची पूर्ती म्हणून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या तक्त्यात ती एक खूण असते. त्यांची भाकरी, भाषा आणि अपमान तक्त्याबाहेर राहतात.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. शब्दशः की आशयाने, हा वाद महत्त्वाचा आहे, आणि दोन्ही बाजूंनी काही मोलाचे राखले आहे. आशय शोधणारे आपल्याला भाषेचे भान देतात. एकनाथांच्या भारुडातला विंचू ऐकून कोणी वैद्याला बोलावत नाही. तो विंचू कोणता, हे श्रोत्याला कळते. प्रकटीकरणातला सात डोक्यांचा पशूही पहिल्या श्रोत्यांना असाच कळत होता, कारण सात टेकड्यांवर वसलेल्या रोमचा जाच ते सोसत होते.

पण आशयाच्या वाटेवरही घसरण आहे. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात वचन आहे, की लोक घरे बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचे फळ स्वतः खातील. त्यांनी बांधावे आणि दुसऱ्याने राहावे असे होणार नाही. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मोठा भाग भूमिहीन, कष्टकरी घरांतून आलेला आहे. दुसऱ्यांची घरे बांधण्यात आणि दुसऱ्यांचा ऊस तोडण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना हे घर म्हणजे केवळ आत्म्याचे घर आहे असे सांगणे अन्याय आहे. इथे अक्षराला धरणारा वाचकच वचनाशी अधिक प्रामाणिक राहतो.

म्हणून कोणत्याही वाचनाला मी एक कसोटी लावतो : त्यात माणूस माणूस राहतो का? किल्लारीत माणसे का मेली, याचे उत्तर ठाऊक आहे. दगड-मातीच्या जाड भिंतींवर लाकूड आणि मातीचे जड माळवद होते. झोपलेल्या कुटुंबांवर ते कोसळले. १९९२ पासून परिसरात लहान धक्के बसत होते, पण हा प्रदेश स्थिर मानला गेला होता. ही कारणे बाजूला सारून त्या मृतांना युगाच्या घड्याळाचा एक ठोका ठरवणे, हे शास्त्राच्या नावाने केलेले कठोर काम आहे. शास्त्राचाही त्याला आधार नाही. त्याच अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की हे ऐकून घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, या तर कळांची नुसती सुरुवात आहे. आणि तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही. अक्षराला मानणाऱ्याने हीही अक्षरे मानली पाहिजेत.

शिवाय ते बोलणे चोविसाव्या अध्यायात संपत नाही. पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायाचा प्रसंग येतो, आणि तिथे कोणाला भविष्यवाण्यांचा हिशेब विचारला जात नाही. भुकेल्याला खायला दिले का, तान्हेल्याला प्यायला दिले का, उघड्याला पांघरूण घातले का, परक्याला घरात घेतले का, अशाच गोष्टी विचारल्या जातात. ज्या प्रवचनाच्या आरंभी भूकंप आणि दुष्काळ आहेत, त्याच्या शेवटी अन्न, पाणी आणि निवारा आहे.

पंडिता रमाबाईंनी हे प्रवचन शेवटापर्यंत वाचले होते. मूळ भाषा शिकून आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलच्या भाषांतरात गढलेली ही बाई अक्षराला सैल धरणारी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली व स्त्रियांना केडगावला घेऊन आल्या. पुढच्या दुष्काळानंतर तिथल्या त्यांच्या मुक्तिसदनातली संख्या दीड हजाराच्या आसपास गेली. किल्लारीनंतर कासा आणि कॅरिटास इंडिया या चर्चच्या संस्था मदतीला उतरल्या, तसेच इतर धर्मांचे लोकही. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पंचविसाव्या अध्यायातला न्यायाधीश या कामाला दाद देताना कोणाचा धर्म विचारेल, असे मला वाटत नाही.

पुढचा धक्का कधी बसेल, हे कोणालाच सांगता येणार नाही. तो बसला तर अध्याय उघडावा आणि पुढचे पानही उलटावे. मग शेजारच्या वस्तीत पाणी, पांघरूण आणि भिंत कोणाला हवी, ते पाहायला निघावे. भविष्यवाणी वाचण्याची याहून खरी रीत मला माहीत नाही.

पुढील लेखात : प्रकटीकरणातले आकडे – ६६६, १,४४,००० आणि हजार वर्षे.