सीएकडे जाताना फाइलमध्ये काय हवे?

यंदा प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणाऱ्याला एकाच वेळी दोन कायदे सांभाळायचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून ‘प्राप्तिकर अधिनियम, २०२५’ लागू झाला आणि चौसष्ट वर्षे देशाचा करकारभार चालवणारा १९६१ चा कायदा मागे पडला. पण जुलैअखेर जे विवरणपत्र भरायचे आहे, ते एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे. त्याला नियम जुन्याच कायद्याचे. एप्रिलपासून पगारातून जो कर कापला जातो आहे, तो मात्र नव्या कायद्याप्रमाणे. त्यामुळे सीएसमोर ठेवलेल्या एका कागदावर ‘कर निर्धारण वर्ष २०२६-२७’ लिहिलेले असेल आणि दुसऱ्यावर ‘कर वर्ष २०२६-२७’. आकडे तेच, पण पहिल्यात गेल्या वर्षाची कमाई आहे आणि दुसऱ्यात चालू वर्षाची. चलन भरताना इथे गल्लत झाली, तर भरलेला कर भलत्याच वर्षाच्या नावे जमा होतो आणि तो जागेवर आणताना नाकी नऊ येतात.

नवा कायदा आला म्हणजे कराचे दर बदलले, असा समज बराच पसरला आहे. तो चुकीचा आहे. या कायद्याने बदलली ती मांडणी. ८१९ कलमांची ५३६ झाली, ४७ प्रकरणांची २३ झाली आणि शब्दसंख्या पाच लाखांवरून जवळपास निम्म्यावर आली. वर्षाची कमाई एका नावाने आणि तिचा हिशेब दुसऱ्या नावाने, हा सामान्य माणसाला कधीच न उलगडलेला घोळ संपला. आता एकच ‘कर वर्ष’. सर्वांच्या तोंडी बसलेले ‘८०सी’ आता कलम १२३ झाले आहे. भाषा सोपी झाली हे चांगलेच झाले, पण करदात्याच्या खिशावर परिणाम करणारे बदल त्याआधीचे आहेत. ते २०२५ च्या अर्थसंकल्पात झाले आणि त्यांचा पहिला पूर्ण हिशेब या वर्षीच्या विवरणपत्रात लागणार आहे.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के असा दर चढत जातो आणि २४ लाखांच्या वर तो ३० टक्के होतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. नोकरदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे वाक्य घरोघरी पोचले ते यातूनच. मात्र त्याची दुसरी बाजू तितकी पोचली नाही. ही सूट फक्त टप्प्यांच्या दराने लागणाऱ्या करावर आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या विक्रीतल्या नफ्याला वेगळा दर लागतो आणि तिथे ही सूट चालत नाही.

समजा, एका निवृत्त शिक्षिकेला वर्षाला ५ लाख पेन्शन आहे, ३ लाख मुदत ठेवींचे व्याज आहे आणि नातवाच्या शिक्षणासाठी इक्विटी फंडाची जुनी युनिट्स विकून त्यांना अडीच लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. प्रमाणित वजावट धरून एकूण उत्पन्न पावणेदहा लाख, म्हणजे बारा लाखांच्या बरेच खाली. पेन्शन आणि व्याजावरचा कर सुटेल. फंडाच्या नफ्यातले सव्वा लाखही करमुक्त आहेत. उरलेल्या सव्वा लाखावर मात्र साडेबारा टक्क्यांनी १५,६२५ रुपये आणि उपकर धरून १६,२५० रुपये भरावेच लागतील. ‘आपल्याला कर बसत नाही’ असे समजून त्या फंडाची विवरणे घरीच ठेवून गेल्या, तर हिशेब तिथेच चुकेल.

जुनी की नवी, हा प्रश्न दर जूनमध्ये विचारला जातो. त्याचे उत्तर शेजाऱ्याला विचारून मिळत नाही, आकडे मांडूनच मिळते. पुण्यातल्या १५ लाख पगाराच्या नोकरदाराचे उदाहरण घ्या. नव्या प्रणालीत ७५ हजार वजा करून त्याचा कर उपकरासह ९७,५०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत त्याने ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि व्यवसाय कराचे अडीच हजार असे सगळे घेतले, तरी कर १,३९,६२० रुपये येतो. म्हणजे घराचे कर्ज आणि विमा असूनही जुनी प्रणाली ४२ हजारांनी महाग. या पगाराला दोन्ही प्रणाली बरोबरीत यायला एकूण ५,९३,७५० रुपयांच्या वजावटी लागतात. गृहकर्जाच्या जोडीला मोठे घरभाडेही असेल, अपंग अवलंबिताचा खर्च असेल किंवा आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता मोठा असेल, तरच जुनी प्रणाली विचारात घ्यावी. घरभाड्याच्या बाबतीत पुणेकरांनी हेही ध्यानात ठेवावे की १९६१ च्या कायद्याच्या हिशेबात मुंबईकराला पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, पुण्याला ४० टक्क्यांची.

निवड करताना तारखेचाही विचार हवा. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना दर वर्षी निवड बदलता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. मुदत टळली की जुन्या प्रणालीचा दरवाजा त्या वर्षापुरता बंद. दुकानदार, डॉक्टर, वकील यांना तर जुनी प्रणाली निवडायला १०-आयईए हा वेगळा अर्ज मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतले की पुन्हा जुनीत जाता येत नाही. १ ऑगस्टला फाइल घेऊन आलेल्या नोकरदाराला कितीही हुशार सीए हा पर्याय परत मिळवून देऊ शकत नाही.

मग एप्रिलमध्येच भरून मोकळे व्हावे का? तीही घाई नको. कंपन्या आणि बँका शेवटच्या तिमाहीत कापलेल्या कराचे विवरण ३१ मेपर्यंत सरकारला देतात आणि मालकाने फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जून असते. त्याआधी खात्यावरचे चित्र अपुरे असते. जूनचा दुसरा पंधरवडा ही सीएकडे जाण्याची खरी वेळ. गेल्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि पुन्हा एका दिवसाने वाढली. म्हणून यंदाही वाढेल या भरवशावर बसणे धोक्याचे आहे. २०२६ च्या अर्थसंकल्पात सरकारने सांगितले ते असे: आयटीआर १ आणि २ भरणाऱ्यांना ३१ जुलै, तर लेखापरीक्षण लागत नसलेल्या व्यावसायिकांना ३१ ऑगस्ट.

जाण्याआधी प्रत्येकाने प्राप्तिकर पोर्टलवरून दोन कागद उतरवून घ्यावेत: २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. २०२१ मध्ये एआयएस आले आणि करदाता व खाते यांच्यातले नातेच बदलले. बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची विक्री, ३० लाख किंवा अधिक किमतीच्या मालमत्तेचा व्यवहार, बचत खात्यात वर्षात १० लाख किंवा अधिक रोख भरणा, क्रेडिट कार्डाची मोठी बिले हे सारे तिथे आधीच लिहिलेले असते. करदात्याच्या स्मरणातून निसटलेली सहकारी बँकेतली ठेवही तिथे सापडू शकते.

पण एआयएस म्हणजे अंतिम सत्य नव्हे. संयुक्त खात्याचे सगळे व्याज पहिल्या नावावर दिसते, मग पैसे आईचे असोत की मुलाचे. फंडाच्या एका योजनेतून दुसरीत पैसे ‘स्विच’ केले तर करदात्याच्या लेखी काहीच विकलेले नसते. कायद्याच्या लेखी ती विक्रीच. शेअरची विक्री किंमत बरोबर असली तरी खरेदीची किंमत बरोबर असेलच असे नाही, म्हणून ब्रोकरकडचे भांडवली नफ्याचे विवरण हवे. चुकीच्या नोंदीवर पोर्टलवरच अभिप्राय देता येतो. चूक दिसली तर ती गप्प बसून सोडू नये. नंतर नोटीस येते ती याच तफावतीवर.

नोकरी बदललेल्यांची फसगत वेगळीच. पहिले सहा महिने ७ लाख, पुढचे सहा महिने दुसरीकडे ८ लाख असा पगार घेणाऱ्याची पहिली कंपनी वर्षाचे १४ लाख गृहीत धरून सहा महिन्यांत साधारण ४०,९५० रुपये कापते. दुसऱ्या कंपनीला आधीचा पगार सांगितलाच नसेल, तर तिच्या लेखी वर्षाचे उत्पन्न फक्त ८ लाख, म्हणून कपात शून्य. प्रत्यक्षात १५ लाखांवरचा कर ९७,५०० रुपये. जूनमध्ये दोन फॉर्म १६ शेजारी ठेवले की ५६,५५० रुपयांची बाकी निघते, वर व्याज. दोष कोणत्याही कंपनीचा नसतो. माहिती पुढे गेलेली नसते.

सीएला आपणहून सांगायच्या गोष्टी आणखीही आहेत. गावाकडची शेती त्यात पहिली. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे, पण ते ५ हजारांच्या वर असेल आणि इतर उत्पन्न मूळ सवलतीच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते जमेस धरतात. म्हणून दाखवावे लागते. जमीन विकली असेल तर आणखी काळजी हवी. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करासाठी भांडवली मालमत्ता ठरते. पुण्याभोवती विकल्या गेलेल्या कितीतरी जमिनी या वर्तुळात येतात. सातबाऱ्यावर शेती लिहिले आहे, एवढ्याने कर सुटत नाही.

हिंजवडी, खराडीतल्या अभियंत्यांच्या घरात दुसरा प्रश्न असतो: अमेरिकी मूळ कंपनीचे मिळालेले शेअर. ते हातात येतात तेव्हा त्यांची किंमत पगारात धरून कर कापला जातो, आणि अनेकांना वाटते विषय मिटला. तो मिटत नाही. शेअर विकले नसले तरी ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणे निवासी करदात्याला बंधनकारक आहे, आणि तो तक्ता जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा असतो. लाभांशावर अमेरिकेत कापलेला कर इथे वळता करून घ्यायला फॉर्म ६७ लागतो. सोपा आयटीआर १ अशा माणसाला चालतच नाही. न दाखवल्यास काळ्या पैशांच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सवलत मिळाली, पण दाखवण्याचे बंधन तसेच आहे.

प्रत्येकाला सीए लागतोच असेही नाही. एक पगार, एक घर, थोडे व्याज आणि बाकी काही नसेल, तर पोर्टलवर आधीच भरून आलेली माहिती तपासून माणूस स्वतः, फुकटात, अर्ध्या तासात विवरणपत्र भरू शकतो. विक्री, व्यवसाय, परदेशी उत्पन्न, वारसा किंवा नोटीस यांपैकी काही असेल तर मात्र फी वाचवू नये.

‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब राहावे. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्यात महाराष्ट्रही होता. कमिशन घेऊन खोटे घरभाडे, खोट्या देणग्या आणि खोटे विमा हप्ते दाखवणाऱ्या दलालांच्या टोळ्या त्यात उघड झाल्या. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. दलाल कमिशन घेऊन निघून जातो; नोटीस, व्याज आणि दंड येतो तो ज्याच्या पॅनवर विवरणपत्र गेले त्याला. आता तर अर्जातच पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव, कर्ज खात्याचा क्रमांक विचारला जातो. कागद नसेल तर वजावट मागूच नये.

विवरणपत्र गेले की सीएकडून हिशेबाची प्रत मागून घ्या, ती ओळीओळीने वाचा आणि ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. उशीर झाला तर पडताळणीची तारीखच भरणा केल्याची तारीख धरतात. आणि उठण्यापूर्वी चालू वर्षाचा अंदाजही विचारा. कापलेला कर वजा जाता १० हजार किंवा अधिक कर निघत असेल, तर आगाऊ कराचा पहिला, १५ टक्क्यांचा हप्ता १५ जूनलाच देय होतो आणि १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के भरलेले असावे लागतात. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे.